मागे पाहणाऱ्यांचं घर

आमच्या गावात आमच्या घराला आडनावानं कुणी ओळखत नाही. एस.टी.तून उतरलेल्या पाहुण्यानं पत्ता विचारला, तर पारावरचा माणूस हात लांब करून सांगतो, "मांगे दखनारासनं घर ना? ते तठे, निंबना पल्याड." मागे पाहणाऱ्यांचं घर. लहानपणी मला या नावाची फार लाज वाटायची. कुणाचं पाटलांचं घर, कुणाचं मोठ्या विहिरीवाल्यांचं, आणि आमचं मात्र एका चुकीचं. ती चूकसुद्धा आमच्यातल्या कुणी केलेली नव्हती. किती पिढ्यांमागचा तो पूर्वज, त्याचं नावही घरात कुणाला ठाऊक नाही. तो एकदा वळला आणि आम्ही सगळे वळलेले ठरलो.

गाव चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी. केळीच्या बागा जिथे संपतात आणि मुरमाड जमीन लागते, तिथे आमची वस्ती. गावाच्या उत्तरेला नाला, नाल्यापलीकडे डोंगर आणि डोंगराच्या माथ्यावर देवी. नाला आपला म्हणायचा. पावसाळा सोडला तर त्यात पाणी नसतं, नुसती वाळू असते, पाऊल घोट्यापर्यंत आत जाईल इतकी. मला जे सांगायचं आहे ते सगळं या वाळूवर घडलं.

देवीची कथा गावात अशी सांगतात. आमचा पूर्वज गुजरातेत कुणाकडे गाडीवान होता. तिथल्या एका देवीची त्यानं जन्मभर सेवा केली. पाय थकले तेव्हा तो गावी परत निघाला, आणि निघताना देवीपाशी रडला, की आता तुझं दर्शन कसं व्हायचं. देवी म्हणाली, मीच येते तुझ्या घरी. तू पुढे चाल, मी मागून येते. माझ्या पायातले घुंगरू तुला ऐकू येत राहतील. तुझ्या उंबऱ्याला पाय लागेपर्यंत मागे वळून पाहू नको. तो चालत राहिला. जंगल आलं, घाट आला, डोंगर आला, मागे घुंगरू वाजत होते. डोंगर उतरून तो नाल्यात आला. वाळूत देवीची पावलं रुतली आणि घुंगरू वाजायचे थांबले. घर समोर दिसत होतं. तो वळला. देवी म्हणाली, आता मी पुढे येत नाही. ती आल्या वाटेनं डोंगर चढून गेली आणि माथ्यावर, जिथून आमचा उंबरा दिसतो, तिथे बसली.

वर मूर्ती नाही. शेंदरानं माखलेला एक तांदळा आहे, त्याला चांदीचे डोळे. डोंगरावरच्या पाड्यात राहणाऱ्या पावरा घराण्याकडे तिची पूजा आहे, कारण ती वर जाऊन बसली तेव्हा तिला पहिलं पाणी त्यांनी दिलं असं मानतात. त्या घरातल्या कर्त्याला आम्ही भगत म्हणतो. मंदिर समितीनं अलीकडे गाभाऱ्याला फरशा बसवल्या आहेत. त्या मला न्हाणीघरातल्या वाटतात, पण देवीनं काही तक्रार केलेली नाही, म्हणून मीही गप्प बसते. दक्षिणेच्या भिंतीत एक झरोका आहे, तोही फरशीखाली जायचा होता. तेव्हा माझे वडील, ज्यांना सगळं गाव आबा म्हणतं, गवंड्याच्या आणि भिंतीच्या मधे जाऊन उभे राहिले. झरोका वाचला. त्यातून आमच्या घराचं छप्पर दिसतं.

आमच्या खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा लेकींचा सण. सासरच्या लेकीला आणायला माहेरचं माणूस जातं, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. पोरी येतात, निंबाला झोके बांधले जातात, घरोघर खापरावर मांडे भाजले जातात आणि आमरसाची पातेली भरतात. आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी आमचं गाव आपल्या सगळ्यात थोरल्या लेकीला आणायला जातं. ती थोरली लेक म्हणजे देवी.

तिचा मुऱ्हाळी आमच्या घरातला कर्ता पुरुष. त्याच्या हातात तेलाची पेटती दिवटी असते आणि तो सगळ्यांच्या पुढे चालतो. त्याच्यामागे पालखी, पालखीत देवीचा मुखवटा, दांड्यांना घुंगरांचे पट्टे. हे पट्टे दरवर्षी चोपड्याचे एक चाचा नव्या चामड्यात ओवून देतात. त्यांच्या वडिलांनी, आजोबांनीही तेच केलं. पालखीच्या मागे पाठराखीण म्हणून चालते ती मुऱ्हाळ्याची बायको. जोडी नसेल तर हा मान त्या घराकडे राहत नाही, भाऊबंदांतल्या पुढच्या घराकडे जातो.

डोंगर उतरून सगळे नाल्याच्या काठाशी आले की ढोल थांबतो. भोई घुंगरांचे पट्टे मुठीत घट्ट धरतात. वाळू ओलांडेपर्यंत कुणी बोलायचं नाही, कुणी खोकायचंही नाही. मागे देवी आहे की नाही हे कळायला काही मार्ग नसतो, आणि त्या शांततेत दिवटीवाल्यानं मागे न पाहता पलीकडचा काठ गाठायचा असतो. त्यानं तो गाठला की ढोल सुरू होतो, घुंगरू सुटतात, आणि देवी आमच्या उंबऱ्याशी येते. दिवसभर ओसरीवर राहते, मांडे आणि आमरस खाते, उन्हं उतरली की परत डोंगरावर जाते. आमच्या पूर्वजानं जे बिघडवलं ते सावरायची संधी देवी आम्हाला वर्षातून एकदा देते, अशी गावाची समजूत. आणि कुणी वळलाच, तर पालखी तिथेच वाळूत टेकायची. त्या वर्षी देवी माहेरी येत नाही. हा नियम सगळ्यांना पाठ होता, पण तसं घडलेलं कुणाच्याही आठवणीत नव्हतं.

तो पूर्वज का वळला, याबद्दल मात्र आमच्या घरात दोन मतं होती. आबा सांगायचे की त्याला संशय आला. देवाच्या वाटेवर संशय आला की माणूस संपला, असं म्हणून ते मला आणि माझ्या धाकट्या भावाला अभ्यासाला बसवायचे. या दोन गोष्टींचा काय संबंध हे मला अजून कळलेलं नाही. आबा उठून शेतात गेले की आई चुलीपाशी, खापरावर मांडा टाकता टाकता, हळूच म्हणायची, "संशय कसना? तिन्हा पायले काटा लागना का, ती मांगे राही गयी का, इतलंच दखाले वळना तो." आम्ही ऐकायचो आणि सोडून द्यायचो. आबांचा आवाज मोठा होता, म्हणून त्यांचंच खरं वाटायचं.

आबा वर्षभरही तसेच चालायचे, दिवटी हातात असल्यासारखे. बाजाराला जाताना, लग्नाला जाताना ते पुढे आणि आई बरीच मागे, डोक्यावर पदर, हातात पिशवी. मी कधी त्यांना वळून पाहताना पाहिलं नाही. कॉलेजात गेल्यावर मला याचा फार राग यायचा. एकदा मी आईला म्हटलंही, की हे काय देवीचे नियम घरात चालवतात, तू रस्त्यात पडलीस तर यांना घरी पोचल्यावर कळेल. आई हसली. हातभर हिरव्या काचेच्या बांगड्या भरलेल्या असायच्या तिच्या, त्या सावरत ती म्हणाली की त्यांना कळतं. कसं कळतं ते सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

लग्न होऊन मी जळगावला आले. आमचं मॅचिंग सेंटर आहे; ब्लाउजपीस, परकर, अस्तर. देवीचं लुगडं नेण्याचं काम तेव्हापासून माझ्याकडे आलं. हिरवं, नऊवारी, लाल काठाचं. आबांना हिरव्यातला फरक कळत नाही, पोपटी आणि मेंदी त्यांना एकच. पण नेलेलं लुगडं ते दोन्ही हातांनी घेत आणि आईकडे देत, आणि आई ते दाराशी उजेडात नेऊन बघत असे. ती मान हलवायची तेव्हाच मला बरं वाटायचं.

मग आईचं विसरणं सुरू झालं. आधी भाजीतलं मीठ, मग शेजारणींची नावं, मग घरातून मागच्या दारी जायची वाट. जळगावच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं की हे कमी होणार नाही, वाढतच जाईल. एका दिवाळीला मी गेले तर तिनं मला पाट दिला, पाणी दिलं आणि अदबीनं विचारलं, "तुम्ही कोनता गावन्या शेतस?" मी म्हटलं, जळगावची. मग तिनं माझ्या मुलाबाळांची चौकशी केली, चहा ठेवायला सांगितला, पाहुणीला करतात तसं सगळं केलं. मी मागच्या अंगणात जाऊन रडले. घरात मला सगळे थोरी म्हणतात. आबांना हाक मारायची असली की आई म्हणायची, ‘थोरीना बाप’. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून आयुष्यभर ती माझ्या नावानं त्यांना हाक मारत आली होती. त्या दिवाळीपासून ती हाकही बंद झाली. हाक मारायला तिला थोरी आठवायला हवी होती.

पुढे ती हात भिंतीवर आपटायला लागली. काचेच्या बांगड्या फुटून मनगटाला लागल्या, तेव्हा माझ्या भावजयीनं त्या सगळ्या काढल्या आणि सवाष्णीचे हात मोकळे नकोत म्हणून दोन्ही मनगटांना लाल दोरा बांधला. शहाणपणाचंच काम होतं ते. आबा त्या दिवशी ओसरीवर बसून बराच वेळ त्या फुटक्या काचा कागदात गोळा करत होते, असं भावजयीनं मला फोनवर सांगितलं.

त्या वर्षी आखाजी जवळ आली आणि घरात वाद पेटला. समितीचे लोक आले, त्यांच्याबरोबर नाना आले. नाना म्हणजे आबांचे चुलतभाऊ. आमच्यानंतर मान त्यांच्या घराचा. माणूस वाईट नाही. त्यांनी सरळ सांगितलं की वहिनींना आता हे झेपायचं नाही, वाळूत त्या बोलल्या, ओरडल्या, पळाल्या तर काय करायचं. त्यांना घरी राहू द्या, यंदा दिवटी मी धरतो. वरणगावच्या फॅक्टरीतून रजा घेऊन आलेल्या माझ्या भावालाही ते पटलं होतं. खरं सांगायचं तर मलाही पटलं होतं. उन्हाळ्याचे दिवस, डोंगराची उतरण आणि आईची ती अवस्था. मी फोनवर आबांना म्हटलं की मान जाऊ द्या, माणूस महत्त्वाचं. मला वाटलं, फोन कटला.

मग ते म्हणाले, "ती मांगे नही ऱ्हाई, ते मी पुढे कसाले चालू?"

ठरलं असं, की आईला मागच्या कच्च्या रस्त्यानं जीपमधून वर न्यायचं आणि उतरताना मी तिचा हात धरून चालायचं.

वर गेलो तेव्हा नुकतं उजाडलं होतं. आईला मी नऊवारी नेसवली होती. गाभाऱ्यात बसल्यावर तिच्यापुढे ताट ठेवलं आणि मला धाकधूक वाटायला लागली. पण तिच्या हातांना सगळं ठाऊक होतं. तांदूळ, खण, नारळ, हळकुंड, एकामागून एक तिनं देवीच्या ओटीत घातलं, काही चुकलं नाही. आबा बाजूला उभे राहून बघत होते. भगतानं दिवटी पेटवून त्यांच्या हातात दिली. त्या क्षणी मला वाटलं, निभावेल.

उतरणही निभावली. पुढे दिवटीचा धूर आणि आबांची पांढरी टोपी, मधे पालखी, मागे आम्ही दोघी, आणि आमच्यामागे गाव. आईनं माझा हात धरला होता, पण अनोळखी बाईचा धरावा तसा, बोटांच्या टोकांनी. ढोल जोरात वाजत होता, घुंगरू वाजत होते, तिला ते आवडत होतं. नाल्याच्या काठाशी ढोल थांबला. भोयांनी पट्टे मुठीत घेतले. एवढ्या माणसांत एकाएकी वाऱ्याचा आवाज ऐकू यायला लागला.

आबांनी वाळूत पाय ठेवला. पालखी उतरली, आम्ही उतरलो. थोडं अंतर गेलो असू, आणि आई थांबली. तिचा पाय रुतला होता. तो काढायचा असतो हेच ती विसरली होती बहुधा. ती खाली वाळूकडे बघत राहिली. मी हळूच हात ओढला, ती हलली नाही. बोलायची सोय नव्हती. आमच्यामागचे लोकही थांबले, कुणी तोंडातून शब्द काढला नाही. पुढे पालखी चालत राहिली आणि आमच्यात आणि पालखीत मोकळी वाळू वाढत गेली. आबा पलीकडच्या काठाजवळ पोचत आले होते. त्यांची चाल मंदावलेली मला दिसली. मान किंचित कलती झाली होती. ते काहीतरी ऐकायचा प्रयत्न करत होते. मी मनात म्हटलं, आबा, चार पावलं राहिलीत, जा.

आईनं मान वर केली. लांब गेलेली ती टोपी तिला दिसली.

"थोरीना बाप," ती म्हणाली, "मी मांगे राही गऊ."

आवाज मोठा नव्हता, पण त्या शांततेत तो गावाच्या शेवटच्या माणसापर्यंत गेला असेल. माझं काय झालं ते मी सांगते. आता काय अनर्थ होणार, हे आधी माझ्या डोक्यात यायला हवं होतं. तसं झालं नाही. तिनं माझं नाव घेतलं एवढंच मला कळलं. माझा हात धरून उभी असलेली ती मला ओळखत नव्हती, आणि तरी थोरी कुठेतरी तिच्या आत होती.

आबा वळले. दचकून नाही, घाईनं नाही. भरली बैलगाडी वळवावी तसे सावकाश आणि पूर्ण वळले. पालखीच्या बाजूनं, दिवटी उंच धरून, वाळू तुडवत ते आमच्यापर्यंत आले. दिवटी एका हातात तशीच ठेवून ते वाकले, दुसऱ्या हातानं आईच्या पावलाभोवतीची वाळू बाजूला केली आणि पाऊल मोकळं केलं.

"मी आठेच शे," ते म्हणाले.

इतलं पुढे पुढे काय चालतस, असं आई त्यांच्यावर करवादली. आयुष्यात पहिल्यांदा ती चारचौघांत त्यांना रागावली असेल. आबांनी ऐकून घेतलं.

मग कुजबुज सुरू झाली. एका म्हातारीनं कपाळावर हात मारला. माझा भाऊ खाली मान घालून उभा होता. समितीतला कुणीतरी पुढे आला आणि हलक्या आवाजात म्हणाला की सूर्य डोळ्यांवर होता, कुणी नीट पाहिलेलं नाही, आबांनी परत पुढे व्हावं, आपण चालू. लोकांनाही तेच हवं होतं. घरोघर मांडे झाले होते, आमच्या दारात रांगोळी काढलेली होती. आबा एकदा आमच्या घराकडे बघून म्हणाले, "मी वळनू. पालखी टेका."

भगतानं मान डोलावली. घोंगडी अंथरली गेली आणि पालखी वाळूत टेकली. भोयांनी मुठी सोडल्या तेव्हा घुंगरू एकदाच वाजले. आबांनी दिवटी नानांपुढे धरली. या दिवटीसाठी नानांनी किती वर्षं वाट पाहिली असेल, पण ती घ्यायला त्यांचा हात पुढे येईना. आबांनी त्यांचा हात धरून त्यात ती दिली. आमच्या घराचा मान असा गेला.

ऊन चढत होतं आणि देवी उघड्यावर बसली होती. मला काही सुचेना, म्हणून मी मला सुचतं ते केलं. पिशवीतलं देवीचं लुगडं काढलं, घडी मोडली, आणि भावानं आणि नानांनी बांबू रोवून ते देवीवर ताणलं. हिरवी सावली पडली. गावातून मांड्यांच्या पाट्या आणि रसाची पातेली वाळूतच आली. आमची ओसरी त्या दिवशी रिकामी राहिली. लोक जेवले, पण लग्नघरात काही वाईट झाल्यावर जेवतात तसे, न बोलता.

आबा आईला घेऊन त्या सावलीच्या कडेला बसले होते. ती मांडा मोडून खात होती. मी जवळ जाऊन बसले. आबा माझ्याकडे न बघता बोलायला लागले.

"दर साल वाळूमा मी तिन्या बांगड्या आयकू," ते म्हणाले. "यंदा काहीच नव्हतं."

म्हणजे इतकी वर्षं आमचे आबा त्या परीक्षेत चक्क कॉपी करून पास होत होते. सगळं गाव श्वास रोखून त्यांच्या निष्ठेकडे बघायचं, आणि हे बांगड्यांच्या भरवशावर चालायचे. बाजाराच्या वाटेवरही तसंच असणार. मला हसू आलं. आई त्या वाळूत मुद्दाम हात हलवायची का, हे मला फार विचारावंसं वाटलं. पण आता तिला विचारून उपयोग नव्हता.

थोड्या वेळानं आबा पुन्हा म्हणाले, "त्याले संशय नव्हता, थोरी. काळजी व्हती." तो म्हणजे कोण, हे त्यांनी सांगितलं नाही आणि सांगायची गरजही नव्हती. आईचं म्हणणं पटायला त्यांना एवढी वर्षं लागली, आणि पटलं तेव्हा ऐकायला आई नव्हती. शेजारीच बसली होती, मांडा खात होती, तरी नव्हती. याचं मला अजून वाईट वाटतं.

त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी वादळ झालं आणि केळीच्या बागा आडव्या झाल्या. वादळं दरवर्षी होतात, पण त्या वर्षी काही जणांनी आमच्या घराकडे पाहिलं. आबांची स्वतःची बागही झोपली होती, हे कुणी लक्षात घेतलं नाही. आबांनी पारावर जाणं बंद केलं. संध्याकाळी ते आईचा हात धरून निंबापर्यंत जात आणि परत येत. बरोबरीनं चालत, पावलाला पाऊल लावून. गावात म्हाताऱ्या जोडप्यानं हात धरून चालायची पद्धत नाही, पण त्यांना आता गावाची पर्वा उरली नव्हती.

यंदा दिवटी नानांच्या हातात होती आणि काकू पाठराखीण. उंबरा मात्र आमचाच, तो काही बदलत नाही. मी लुगडं घेऊन गेले तेव्हा आबा तयार होऊन बसले होते. वर जायचं नाही, ते म्हणाले, वाळूपासून मागे चालू. आईचं आता आणखी कमी झालं आहे. आबासुद्धा तिला रोज ओळखू येत नाहीत. काही दिवस ती त्यांच्यापुढे पदर सावरून बसते, परक्या पुरुषापुढे बसावं तशी.

आम्ही नाल्याच्या डोंगराकडच्या काठावर उभे होतो. पालखी उतरून आली, ढोल थांबला, पट्टे मुठीत गेले. नानांनी वाळूत पाय ठेवला. मागून काकू, आणि त्यांच्यामागे गर्दीच्या पुढे आई आणि आबा हात धरून, आणि मी. तीच शांतता आणि तोच वारा. मधोमध आल्यावर आई थांबली. तिनं आपल्या हातातल्या त्या हाताकडे पाहिलं, मग वर चेहऱ्याकडे पाहिलं.

"तुम्ही कोन?" तिनं विचारलं.

मागचं सगळं गाव थबकलं. या वाळूत कुणी खोकलं तरी घरी आल्यावर फैलावर घेणारे आमचे आबा. पुढे नानांची दिवटी हललेली मला दिसली, पण नाना वळले नाहीत.

"थोरीना बाप," आबा म्हणाले. नेहमीच्या आवाजात, घरात बोलावं तसं.

आईनं विचार केला. तिला ते पटलं असावं.

"मंग चाला," ती म्हणाली, आणि त्यांच्या हातातला हात तिनं नीट धरला. मी ओठ दाबून त्यांच्या मागून चालत राहिले. नाना काठावर पोचले, ढोल वाजायला लागला, घुंगरू सुटले, आणि मग मला मोठ्यानं रडता आलं.